बारा खोल्या, एक ओटा

आमची भाची दोन वर्षांपूर्वी एम. एस. करायला जर्मनीला गेली. पश्चिमेकडचं एक विद्यापीठाचं गाव. राहायला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात खोली मिळाली. तिकडे त्याला 'वोनहाइम' म्हणतात. लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना मिळून बारा खोल्या आणि टोकाला सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. बारा जण, नऊ देशांचे.

पहिले पाच आठवडे माझी बहीण रोज रात्री फोनवर एकच प्रश्न विचारायची, "कुणाशी ओळख झाली का गं?" आणि भाचीचं ठरलेलं उत्तर असायचं, "सगळे हॅलो म्हणतात गं." त्या हॅलोच्या पुढे गाडी सरकत नव्हती. वसतिगृहानं नवागतांसाठी पार्टीही ठेवली होती. तिथे तिनं चाळीस जणांना आपलं नाव सांगितलं, चाळीस जणांची नावं ऐकली आणि खोलीवर येईपर्यंत सगळी विसरली. नोव्हेंबरात तिकडे साडेचार-पावणेपाचलाच अंधार पडतो. रविवारी दुकानं बंद. भिंती पातळ असल्यानं शेजारच्या खोलीतला खोकलासुद्धा ऐकू येई. पण खोकणाऱ्याचं नाव माहीत नाही.

आता गंमत बघा. हा प्रश्न विचारणारी माझी बहीण बावीस वर्षं डोंबिवलीहून मुंबईला नोकरीसाठी जाते आहे. ठरलेली लोकल, ठरलेला लेडीज डबा. त्या डब्यात तिच्या डझनभर मैत्रिणी आहेत. संक्रांतीचं हळदीकुंकू तिथेच होतं, भाजी तिथेच निवडली जाते, एकीच्या मुलीचं लग्नही तिथल्याच ओळखीतून जमलं. या बायकांची ओळख कुणी करून दिली नव्हती. स्वागताची पार्टी तर राहू द्या, नीट उभं राहायलाही जागा नव्हती.

मग ज्या डब्यात पाय ठेवायला जागा नाही तिथे गोतावळा तयार होतो, आणि जी इमारत मुद्दाम एकत्र राहण्यासाठी बांधली तिथे माणसं पाच-पाच आठवडे अनोळखी राहतात, हे कसं?

जिन्याखालच्या टपालपेट्या

या कोड्याची पहिली किल्ली सापडली ती विद्यार्थ्यांच्याच घरांत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये सैन्यातून परतलेले विवाहित विद्यार्थी शिकायला आले. त्यांच्यासाठी वेस्टगेट नावाची वसाहत उभारली होती. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तीन मानसशास्त्रज्ञांनी तिथे घरोघर जाऊन विचारलं की, तुमचं येणंजाणं कुणाकडे जास्त असतं? त्यांचा अभ्यास १९५० मध्ये पुस्तकरूपानं आला.

या वसाहतीतल्या काही इमारती दोन मजली होत्या, मजल्यावर पाच-पाच घरं. कुणाला कुठलं घर मिळेल हे निवडण्याची सोय राहणाऱ्यांना जवळपास नव्हतीच. तरीही मैत्रीचा नकाशा घरांच्या नकाशावर चपखल बसला. अगदी लगतच्या घराचं नाव मित्र म्हणून घेणारे ४१ टक्के होते. एक घर सोडून पलीकडचं असेल, तर २२ टक्के. त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्याचं नाव घेणारे मात्र फक्त १० टक्के. आणि या दोन टोकांमध्ये अंतर किती, तर वीसेक सेकंद चालण्याचं!

मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त आवडतो. तळमजल्यावर जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्या लोकांशी इतरांपेक्षा जास्त मैत्री होती. कारण वरची मंडळी जिना उतरताना त्यांच्या दारावरून जायची. टपालपेट्याही तिथेच होत्या. याउलट, ज्यांच्या घराचं तोंड आतल्या अंगणाऐवजी रस्त्याकडे होतं, त्यांना वसाहतीत इतरांच्या निम्म्यानंही मित्र नव्हते. घर तेच, भाडं तेच, माणसंही तशीच. फरक फक्त दाराच्या दिशेचा.

म्हणजे महत्त्व फुटपट्टीनं मोजलेल्या अंतराला नाही. रोजच्या वाटा कुठे एकमेकींना छेदतात, त्याला आहे. आपल्या चाळी बांधणाऱ्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी पैसे वाचवायला सामायिक गॅलरी आणि सामायिक नळ ठेवले, आणि त्या नळावर तीन पिढ्यांची भांडणं झाली आणि सोयरिकी जमल्या.

चेहरा सवयीचा होतो तेव्हा

पण नुसतं येताजाता दिसल्यानं असं काय होतं? पिट्सबर्ग विद्यापीठातला १९९२ सालचा एक प्रयोग आहे. साधारण सारख्या दिसणाऱ्या चार तरुणी निवडल्या. एक मोठ्या वर्गात एकदाही गेली नाही, दुसरी पाच वेळा, तिसरी दहा वेळा आणि चौथी पंधरा वेळा जाऊन बसली. कुणाशी बोलायचं नाही, फक्त यायचं आणि तास संपला की निघून जायचं. सत्र संपल्यावर मुलांना चौघींचे फोटो दाखवले. जी जास्त वेळा येऊन बसली होती, ती त्यांना जास्त आवडली. हिला आपण पाहिलं आहे, हे मात्र बहुतेकांच्या ध्यानातही नव्हतं.

आपला मेंदू हा जुन्या वाड्यातल्या दारवानासारखा आहे. अनोळखी चेहरा दिसला की तो काठी सावरून उभा राहतो. तोच चेहरा दहा वेळा आला-गेला आणि काही वावगं घडलं नाही, की तो काठी भिंतीला टेकवतो. त्या सैलावण्यालाच आपण 'माणूस बरा वाटतो' असं म्हणतो. एका संध्याकाळी चाळीस चेहरे दाखवले तर दारवान गोंधळतो. पार्टीत भाचीचं हेच झालं.

मात्र एक इशारा द्यायला हवा. कॅलिफोर्नियातल्या एका वसाहतीत १९७६ मध्ये वेस्टगेटसारखाच अभ्यास झाला. तिथे लोकांना मित्रांबरोबरच नावडती माणसंही विचारली. तर ती मित्रांपेक्षाही जवळ राहणारी निघाली! मित्र थोडा लांबचा चालतो. पण रात्री गाणी लावणारा, कचरा दारात ठेवणारा हा शेजारीच असतो. जवळीक ही फोडणीच्या तेलासारखी आहे. मोहरी टाकली तर तडतडेल, आणि विसरून बाजूला गेलात तर धूर होईल.

(भाचीच्या स्वयंपाकघरात अक्षरशः धूर झाला. जिरं-हिंगाच्या फोडणीनं छतावरचा धुराचा भोंगा वाजला आणि बारा खोल्यांतली माणसं पहिल्यांदाच एकाच वेळी बाहेर आली. ती सांगते की खरी ओळख त्या रात्री झाली.)

तासांचा हिशेब

दारवानानं काठी टेकवली म्हणजे मैत्री झाली असं नाही. त्यापुढे वेळ लागतो. किती, तेही कुणीतरी मोजलं आहे. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये नव्या गावात आलेल्या माणसांना आणि कॉलेजात नव्यानं आलेल्या मुलांना नव्या ओळखींबद्दल विचारलं. नुसत्या ओळखीतून वरवरची मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात. मित्र म्हणावं असं वाटायला ९० तास. जिवलग व्हायला २०० तासांहून जास्त. आणि यात एक मेख आहे. कामाच्या किंवा वर्गाच्या निमित्तानं सोबत घालवलेले तास फारसे धरले जात नाहीत. गप्पा, खाणं, निवांत बसणं यांचे तास खरे.

आता आपण हिशेब करू. व्याख्यानाला शेजारी बसण्याचे तास बाद. महिन्यातून एकदा दोन तासांचा कार्यक्रम ठेवला, तर वरवरच्या मैत्रीलाच दोन वर्षं लागतील, तोवर पदवी हातात! पण स्वयंपाकघरात रोज अर्धा तास दोघं एकाच वेळी असतील, तर शंभर दिवसांत ५० तास भरतात. ऑक्टोबरात आलेल्या माणसाला जानेवारी उजाडेपर्यंत ओट्यावरचा सोबती मिळतो. भाचीचे पाच आठवडे हे अपयश नव्हतंच. दूध अजून विरजायला ठेवलं होतं आणि घरचे दर तासाला झाकण काढून बघत होते.

इथे आपल्या स्वयंपाकाचा एक अनपेक्षित फायदा होतो. गोठवलेला पिझ्झा ओव्हनमध्ये टाकून खोलीत निघून जाता येतं. डाळ-भात-भाजीला मात्र कांदा चिरण्यापासून पाऊण तास ओट्याशी उभं राहावं लागतं, आणि तेवढ्या वेळात दोन-तीन जण चहाला, पाण्याला, टोस्टला येऊन जातात. कुकरची शिट्टी हा तर संभाषणाचा हमखास विषय. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो, दुसऱ्यांदा हसतो, तिसऱ्यांदा आत काय आहे ते विचारतो.

आग्रह आणि 'नको'

आत काय आहे ते विचारलं की आपण ताट पुढे करतो, आणि गैरसमजांना इथेच सुरुवात होते. आपल्याकडे पहिलं 'नको' हे विनयाचं असतं, दुसरं संकोचाचं, तिसरं खरं. जर्मनीत पहिलं 'नको' हेच शेवटचं. भाचीला कुणी केक देऊ केला, तिनं रीतीप्रमाणे "नको, नको" म्हटलं आणि बशी सरळ पुढे गेली. तिला वाटलं, किती तुटक माणसं! उलट तिनं एका जर्मन मुलाला चौथ्यांदा आग्रह केला, तेव्हा आपल्या 'नको'ला इथे किंमतच नाही असं त्याला वाटलं. दोघंही आपापल्या परीनं सभ्यच वागत होते.

असे गैरसमज सुटतात कसे? गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये मांडलं की, वेगवेगळ्या गटांची माणसं नुसती एकत्र आणून भागत नाही. त्यांचा दर्जा समान असावा, उद्देश एक असावा, तो गाठायला एकमेकांची गरज पडावी आणि वरच्या व्यवस्थेचा त्याला पाठिंबा असावा. वाचायला हे जड वाटतं. पण जर्मन वसतिगृहाच्या फ्रिजवर चिकटवलेला एक कागद या चारही अटी पुऱ्या करतो. त्याला 'पुट्सप्लान' म्हणतात, म्हणजे सफाईच्या पाळ्यांचं वेळापत्रक. या आठवड्यात ओटा कुणी पुसायचा, कचरा कुणी न्यायचा, हे त्यावर लिहिलेलं असतं. डॉक्टरेट करणारा असो की पहिल्या वर्षाची मुलगी, पाळी सगळ्यांना सारखी. कचऱ्याचे डबे चार: कागद, ओला कचरा, वेष्टनं आणि उरलेला. पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत, ती दुकानातल्या यंत्रात परत घालून सोडवायची. यातलं काय कुठे जातं हे नव्याला जुन्याकडून शिकावंच लागतं. शिकण्याच्या निमित्तानं बोलणं होतं, आणि ते सोपं असतं, कारण बोलायला विषय शोधावा लागत नाही. कॉफीला येतेस का, हे विचारायला धाडस लागतं. चहाची पिशवी ओल्या कचऱ्यात जाते ना, हे विचारायला लागत नाही.

कोलंबियाच्या पायऱ्या

परदेशी विद्यार्थ्यांच्या एकटेपणाचा हा प्रश्न आजचा नाही. १९०९ मधली गोष्ट सांगतात. न्यूयॉर्कला वायएमसीएमध्ये काम करणारे हॅरी एडमंड्स कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून चालले होते. समोरून येणाऱ्या चिनी विद्यार्थ्याला त्यांनी सहज 'गुड मॉर्निंग' म्हटलं आणि पुढे गेले. मागे वळून पाहतात तर तो तिथेच थांबलेला. तीन आठवड्यांत माझ्याशी आपणहून बोललेले तुम्ही पहिले, असं तो म्हणाला. एडमंड्स दांपत्यानं मग रविवारी संध्याकाळी परदेशी विद्यार्थ्यांना घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली. घर पुरेना. शेवटी धाकट्या जॉन रॉकफेलर यांच्या पैशातून १९२४ मध्ये न्यूयॉर्कचं 'इंटरनॅशनल हाउस' उभं राहिलं. बर्कलीत दुसरं निघालं १९३० मध्ये. सगळ्या वर्णांची मुलंमुली एका छपराखाली राहणार म्हणून गावानं आधी भरपूर विरोध केला. पॅरिसच्या विद्यार्थी-नगरीत देशोदेशींची वेगवेगळी निवासगृहं आहेत, त्यांत भारताचंही आहे. पण प्रत्येक निवासगृहानं काही खोल्या इतर देशांच्या मुलांना द्यायच्या, असा तिथला दंडक आहे. ब्राझीलच्या घरात फक्त ब्राझिली, असं चालत नाही.

एडमंड्स ज्या आवारातून चालले होते, त्याच आवारात चार वर्षांनी, जुलै १९१३ मध्ये, भीमराव आंबेडकर दाखल झाले. पहिल्यांदा ते विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये उतरले. तिथलं जेवण मानवेना, म्हणून जवळच कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये, भारतीय विद्यार्थ्यांच्या सोबतीनं राहायला गेले. नंतर लिव्हिंगस्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणासोबत राहू लागले. ती दोस्ती जन्मभर टिकली. १९२० मध्ये बाबासाहेब अपुरं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा पाच हजार रुपये उसने देणारे हेच भथेना.

तीन वर्तुळं

बाबासाहेबांच्या या तीन मुक्कामांत नेहमीचा एक क्रम दिसतो. आधी परकेपणा, मग आपल्या जेवणाची, आपल्या माणसांची ओढ, मग एखादा खरा सोबती. स्टीफन बॉख्नर यांनी १९७७ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांची मैत्री तीन वर्तुळांत मांडली. मायदेशाची माणसं, यजमान देशाची माणसं आणि इतर परदेशी. प्रत्येक वर्तुळाचं काम वेगळं. आईची आठवण आली की पहिल्याकडे जायचं. भाडेकरार किंवा विम्याचं पत्र वाचून घ्यायला दुसऱ्याकडे. सिनेमाला, भटकायला तिसऱ्याकडे.

'तिकडे जाऊन भारतीयांतच राहू नकोस' हा सल्ला आपल्याकडे प्रत्येक काका देतो. मला तो अर्धाच पटतो. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९ हजार भारतीय विद्यार्थी होते, इतर कुठल्याही परदेशातून आलेल्यांपेक्षा जास्त. म्हणजे पहिलं वर्तुळ शोधावं लागत नाही, तेच आपल्याला शोधत येतं. व्हॉट्सॲप ग्रुप असतो, गणपती असतो, कुणाकडे तरी मेतकूट असतंच. तापानं पडलेल्या माणसाला खिचडी हवी असते, तेव्हा आंतरराष्ट्रीय मैत्री कामाची नाही. अडचण एवढीच की पहिलं वर्तुळ सगळे तास खाऊन टाकतं, आणि वर काढलेला ५०-९०-२०० चा हिशेब दुसऱ्या दोन वर्तुळांसाठी कधी सुरूच होत नाही.

स्थानिक मुलांशी मैत्री उशिरा होते, त्यातही आकस नसतो. त्यांचे शाळेपासूनचे मित्र दीड तासाच्या अंतरावर असतात आणि अनेक जण शुक्रवारी दुपारी पाठीला सॅक लावून घरी जातात. शनिवारी रात्री स्वयंपाकघरात उरतात ते ज्यांचं घर विमानाच्या पल्ल्यावर आहे ते. भाचीला चिलीची मुलगी, तुर्कस्तानचा मुलगा आणि व्हिएतनामच्या दोघी मिळाल्या त्या अशाच शनिवारी.

चौकट: नव्यानं जाणाऱ्यासाठी

खोलीत जेवू नका. जेवण झालंच असेल तर निदान चहा ओट्याशी उभं राहून प्या. वेळ शक्यतो ठरलेली ठेवा, कारण लोकलची मैत्री होते ती रोज तीच लोकल पकडल्यामुळे. सफाईची पाळी कधीही चुकवू नका. कानात हेडफोन घालून स्वयंपाक केला तर ते तास मोजले जात नाहीत. आणि पहिल्या 'नको'ला 'नको' समजा, आपलंही आणि त्यांचंही.

किती जण म्हणजे फार?

मग जितकी गर्दी तितकी मैत्री? तसंही नाही. अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स यांनी सत्तरच्या दशकात अमेरिकी वसतिगृहांची तुलना केली. एका प्रकारात तीस-चाळीस मुलांना मिळून एक लांब पॅसेज, सामायिक न्हाणीघर आणि बैठक. दुसऱ्यात चार ते सहा जणांचे छोटे गट. माणशी जागा जवळपास सारखीच. तरी लांब पॅसेजवाल्यांना सतत गर्दी वाटायची, आणि ती मुलं बाहेरही अनोळखी माणसापासून लांब बसायची, नजर टाळायची. दर वळणावर कुणीतरी भेटतं, पण कोण भेटेल हे आपल्या हातात नाही, याचा थकवा येतो. शिवाय चाळीस जणांचा ओटा कुणाचाच नसतो. बारा जणांत पातेलं कुणी तसंच टाकलं ते सगळ्यांना कळतं.

दुसरं टोक आता झपाट्यानं वाढतं आहे. खासगी कंपन्या बांधतात त्या नव्या इमारतींत प्रत्येक खोलीत स्वतंत्र बाथरूम आणि कोपऱ्यात दोन शेगड्यांचा छोटा ओटा असतो. खाली जिम आणि एक देखणी बैठक. आईवडिलांना ही खोली फार आवडते, स्वच्छ आणि सुरक्षित. मला मात्र ती रस्त्याकडे तोंड केलेल्या वेस्टगेटच्या घरांसारखी वाटते. तिथे खाली उतरायला कारण लागतं, आणि थकलेल्या माणसाला संध्याकाळी सातला कारण सुचत नाही.

कुकर मागे राहतो

वसतिगृहाच्या गोतावळ्याची एक पंचाईत मात्र कुठल्याही आराखड्यानं सुटत नाही. एकेका सत्रासाठी आलेली मुलं सहा महिन्यांत परततात. चिरलेल्या कांद्यांवर जमवलेले ९० तास विमानतळावर सोडून यावे लागतात. भाची म्हणते की तिसऱ्या निरोपानंतर नव्या माणसाशी बोलायचाच कंटाळा यायला लागला.

मागच्या वर्षी इंटर्नशिपसाठी तिनंही ती खोली सोडली. सामान तेवीस किलोत बसेना, म्हणून कुकर ओट्याखालच्या कपाटात ठेवून आली. या ऑक्टोबरात नागपूरहून एक मुलगा तिथे राहायला आला. त्यानं कपाट उघडलं आणि कुकर पाहून चकित झाला. हा कुणाचा, म्हणून त्यानं ओट्याशी उभ्या असलेल्या चिलीच्या मुलीला विचारलं. तिनं कुकर हातात घेतला, रबर काढून उजेडात तपासलं आणि त्याला सांगितलं, "डाळीला तीन, राजम्याला सहा."